अकरा वाजताचं अंडं

दर महिन्याला आमच्या उपकेंद्रातून तालुक्याला अहवाल जातो. किती लसी टोचल्या, किती गरोदर बाया तपासल्या, किती गोळ्या वाटल्या, सगळ्याला रकाना आहे. कोण काय बोललं याला मात्र रकाना नाही! त्यामुळं ते सगळं माझ्याच डोक्यात साठत गेलंय. बावीस वर्षांची नर्सबाईची नोकरी, त्यातली नऊ वर्षं याच गावात. रोज लोहाऱ्यातून माकणीकडं जाणारी काळी-पिवळी जीप धरायची, फाट्यावर उतरायचं आणि चालत उपकेंद्र गाठायचं. जीपमध्ये कुणीतरी विचारतंच, "काय सिस्टर, काय नवीन?" की मी सुरू!

आज अंड्यांचं सांगते. कारण आता गावात आमच्या उपकेंद्राला 'अंड्याचा दवाखाना' म्हणतात. ज्यांनी हे नाव चिडवायला ठेवलं त्यांना माझा नमस्कार. नाव आवडलं!

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर भांडण नको. ज्याला अंडं खायचं नाही, त्यानं खाऊ नये. त्याला मी शेंगदाणे सांगते, गूळ सांगते, मोडाची मटकी सांगते, आणि हात जोडते. देवाधर्माशी माझं काही वाकडं नाही. पण ज्याला खायचंय, ज्याच्या अंगाला गरज आहे, त्याच्या आणि अंड्याच्या मध्ये तिसरं कुणी येऊन उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. मग समोर सासू असो, सरपंच असो, नाहीतर तालुक्याचे साहेब!

आमची टोळी चौघांची. एक मी. दुसरी गावची आशा कार्यकर्ती रेहाना, जिच्या घरी वीसेक गावरान कोंबड्या आहेत आणि जिची जीभ माझ्यापेक्षा तिखट. तिसऱ्या आमच्या मदतनीस चंद्रम्मा मावशी, माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं दचकल्या की कानडीत दचकतात. आणि चौथे नवे डॉक्टर. वय सव्वीस, हुशार, पण अजून गावाला घाबरणारे.

*

हे सगळं सुरू झालं महादेवीमुळं.

गावात गुरप्पा आप्पांचं किराणा दुकान आहे. घर देवभक्त. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी गेलं नाही. महादेवी ही आप्पांची सून. चौथा महिना लागला तेव्हा तपासायला आली. रक्त बघितलं तर हिमोग्लोबिन सात, हवं अकराच्या वर! डोळ्याची खालची पापणी ओढली तर आतून पांढरीफटक. सपाट रस्त्यानं चालली तरी धाप लागायची.

अशा अंगानं बाळंतपणाला गेलेली बाई परत येईलच, असं मी कुणाला सांगू शकत नाही. हे पुस्तकातलं नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात अशीच एक होती, आणि ती परत आली नाही. तिचं नाव मी कधी कुणाला सांगत नाही, पण रोज सकाळी रजिस्टर उघडताना मला ती आठवते.

महादेवीला गोळ्या सुरू केल्या. म्हटलं, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, अंगात काहीतरी पडलं पाहिजे. हिरवी भाजी खा, वर लिंबू पीळ, गोळीवर चहा घेऊ नको. आणि चालत असेल तर रोज दोन अंडी. मला वाटलं, आता ही कानावर हात ठेवणार. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"घरात चालत न्हाय, सिस्टर."

"आणि तुला?"

"मला कुणी कवा इचारलंच न्हाय."

"मी विचारतेय."

"मग द्या की!"

नवऱ्याची भाकरी घेऊन ती रोज अकराच्या सुमाराला शेताकडं जायची. वाट उपकेंद्रावरूनच. ठरलं! अकरा वाजता महादेवी येणार, रेहानाच्या कोंबड्यांची दोन अंडी खाणार आणि पुढं शेताकडं जाणार. जाता जाता तिनं एकच शंका काढली.

"सिस्टर, हितं खाल्लं तर दवाखान्याला चालंल ना?"

म्हटलं, "दवाखान्याला सगळं चालतं. फक्त उपाशी चालत नाही!"

*

आता अंडी उकडायची कशात?

उपकेंद्राच्या कपाटात काचेच्या सिरिंज होत्या त्या काळातला, सुया उकळायचा स्टीलचा डबा पडून होता. चंद्रम्मा मावशींनी तो घासूनपुसून काढला आणि म्हणाल्या, "तुमी बाजूला व्हा. मला सगळं ठावं हाय."

मावशींना नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या सिस्टरनं एकच नियम शिकवला होता. उकळी आल्यापासून वीस मिनिटं, मध्ये झाकण उघडायचं नाही. त्यांनी तो सुयांना लावला, तसाच अंड्यांना लावला. घड्याळ लावून वीस मिनिटं! मग चिमट्यानं एकेक अंडं उचललं, ट्रेमध्ये ठेवलं, वर गॉजचं पांढरं कापड झाकलं आणि ट्रे घेऊन अशा आल्या की डॉक्टर खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

रेहानानं गॉज उचललं.

"या अल्ला! मावशी, उकडलंय का आपरेशन करून काढलंय?"

मावशी रागावल्या. "अय्यो! एक जंतू ऱ्हायला असंल तर दाखीव!"

जंतू कसला राहतोय? अंडं फरशीवर टाकलं असतं तर चेंडूसारखं परत हातात आलं असतं. आतला बलक हिरवट पडलेला. त्या दिवसापासून आम्ही घरून पातेली आणली. पाण्याला उकळी आली की दहा मिनिटं, लगेच गार पाण्यात, म्हणजे टरफलही सुटतं आणि बलकही पिवळा राहतो. हे आता मावशी गावातल्या बायांना स्वतःच शिकवतात, जसं काही त्यांनीच शोधून काढलंय!

पण महादेवीनं ते पहिलं अंडं खाल्लं. जन्मातलं पहिलं. बराच वेळ चावत बसली. पाणी प्यायली. मग विचारात पडून म्हणाली,

"एवढ्यासाठी लोक भांडतेत व्हय?"

*

आमच्या लोकांचा गोळीवर जितका विश्वास आहे, तितका जेवणावर नाही. "सुई द्या, गोळी द्या, खायचं काय सांगताव?" असं तोंडावर म्हणतात.

गया आजी त्यातल्याच. तापातून उठलेल्या, अंगात त्राण नाही. अंडं त्यांना वर्ज्य नव्हतं, पण "अंडं काय औषध हाय का?" हाच हेका. डॉक्टर म्हणाले, थांबा, मी औषध करून दाखवतो. त्यांनी रीतसर चिठ्ठी लिहिली. 'अंडे, १-०-१, जेवणानंतर, पंधरा दिवस.' खाली सही, वर शिक्का. आजी खूश! चिठ्ठी लेकाकडं गेली, लेक लोहाऱ्याला गेला.

पंधरा दिवसांनी आजी आल्या त्या टुणटुणीत.

"डाक्टर, तुमच्या अंड्यानं लई गुण आला बगा."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. बघा म्हणाले, माणसाच्या मनाशी बोलता आलं पाहिजे.

"रोज दोन खाता ना आजी?"

"व्हय की. येक सकाळी, येक राती. पाण्यासंगं गिळते."

"गिळता?"

आजीनं चंचीतून पाकीट काढून पुढं केलं. आत टपोऱ्या पांढऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या! लेक चिठ्ठी घेऊन थेट मेडिकलात गेला होता, आणि मेडिकलवाल्यानं त्याला गंभीरपणे सांगितलं होतं, "अंडं आउट ऑफ स्टॉक आहे. त्याच कंटेंटचं दुसरं देतो."

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. आजी जाता जाता दारातून वळल्या.

"फुडच्या टायमाला जरा बारकी अंडी लिवा. ही घशात अडकतेत."

*

गावात एक बापू आहेत. सत्तरी कधीच ओलांडली, पण मिशीला पीळ अजून आहे. रोज सकाळी दोन कच्ची अंडी फोडून तोंडात सोडायची, हा त्यांचा नेम. एकदा पोट बिघडून आले तेव्हा मी सांगितलं, बापू, कच्चं खाऊ नका. कच्च्या अंड्यात जंतू असतात, शिवाय अंगालाही नीट लागत नाही. उकडून खा.

"सिस्टर, माजा बाप जलमभर कच्चीच खात आला."

"किती वर्षं जगले?"

"एकुणनव्वद."

बापूंनी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात कोपऱ्यात कार्ड भरत बसलेली रेहाना मान वर न करता म्हणाली,

"उकडून खाल्ली असती तर अजून बसले असते ओट्यावर! मग तुमच्या नावावर कुठली आली असती जमीन?"

बापू उठून गेले. मला वाटलं, दुखावले. आता गावभर बोंबलत फिरणार. पण आठ दिवसांनी स्वतः होऊन आले, आवाज खाली करून म्हणाले,

"सिस्टर, किती मिनिटं उकडायचं म्हणालाव? पोरं वाटणी मागायलेत."

*

वारांचं तर विचारूच नका! सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. उरला बुधवार. त्यात चतुर्थी किंवा एकादशी पडली की तोही गेला. मी एकदा वैतागून उपकेंद्राच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रक्ताला वार कळत नाही!' ते वाक्य अजून आहे. कुणी पुसलं की मी परत लिहिते.

रेहाना म्हणाली, "आमच्यात रोजे सोडले तर वाराची भानगड न्हाय, सिस्टर. पण खाणारी सहा तोंडं अन् तव्यावर चार अंडी, ही भानगड बारा महिने!"

महादेवी सोमवार पाळायची. हो, पाळायची! पहिल्याच सोमवारी आली आणि म्हणाली, आज नको. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खायचं तिनं ठरवलं होतं, मग न खायचंही तिनंच ठरवायचं. मी त्या दिवशी तिला भिजवलेले शेंगदाणे दिले.

पण गंमत केली ती आमच्या निवृत्त गुरुजींनी. पडून पाय मोडला होता, डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलेलं. गुरुजी सगळे वार पाळणारे, आणि जन्मभर गणित शिकवलेलं. त्यांनी विचार केला, रोज एक म्हणजे आठवड्याला सात. मग ती कधी खाल्ली याला काय महत्त्व? बुधवारी एका बैठकीत सात अंडी संपवली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढतेय तर गुरुजी पायरीवर, एक हात काठीवर, एक हात पोटावर. रात्रभर परसाकडं खेपा घालून चेहरा उतरलेला. तरी बोलण्यात तीच शिस्त.

"सिस्टर, आज गुरुवार आहे. ओआरएस चालतं का?"

*

महादेवीच्या घरी कळू द्यायचं नाही, असं आमचं काही ठरलेलं नव्हतं. पण तिला भीती वाटायची. सासूबाईंचं नाक फार तिखट. हाताला जरा वास आला तरी पकडलं जाणार. चंद्रम्मा मावशींनी त्यावर तोडगा काढला. अंडं खाऊन झालं की महादेवीनं लिंबाची फोड चावायची आणि डेटॉलच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायचे.

महिनाभर हे चाललं. एके दिवशी सासूबाई स्वतः उपकेंद्रात आल्या. मावशी लगेच आतल्या खोलीत जाऊन मोकळ्या झाल्या.

सासूबाई बाकावर बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सिस्टर, खरं सांगा. पोरीला लई मोठा आजार हाय का?"

"का हो?"

"रोज दवाखान्याचा वास येतोय अंगाला. रोज! तुमी काय लपवून ठिवताव का?"

मी काही लपवून ठेवत नव्हते म्हणावं, तर ठेवतच होते! मी म्हटलं, आजार नाही, पण रक्त फार कमी आहे, जिवाला धोका आहे, तिला चांगलंचुंगलं खायला घाला. तेवढं खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात सुनेला तूप सुरू झालं, शेंगदाण्याचे लाडू सुरू झाले, सकाळी पेलाभर दूध सुरू झालं. महादेवी अकरा वाजता आली ती पोटावर हात ठेवून.

"सिस्टर, आज एकच अंडं द्या. आत्याबाईंनी जागाच ठिवली न्हाय!"

मी दोन्ही खायला लावली.

*

अंडं बाईला सांगावं आणि ते पुरुषाच्या ताटात जावं, हे तर मी पहिल्या दिवसापासून बघतेय. अंडं एकच असेल तर ते कुणाचं, हे आमच्याकडं विचारावं लागत नाही!

सुनीता म्हणून एक होती, पाचवा महिना. तिचं वजन जागचं हलेना. घरी कोंबड्या आहेत, रोज अंडी निघतात, ती म्हणते रोज खाते. मी एक दिवस निरोप धाडला, नवऱ्याला घेऊन ये. दत्ता आला. हसतमुख, गुटगुटीत, शर्टाची बटणं ताणलेली.

"दत्ता, काट्यावर उभा राहा."

"मी कशाला? पेशंट ती हाय."

"उभा राहा म्हणते ना!"

उभा राहिला. गेल्या जत्रेत शिबिरात त्याचं वजन मीच घेतलं होतं, रजिस्टर समोर होतं. चार किलो वाढलेला! मी सुनीताला विचारलं, आता खरं सांग. दत्ताच बोलला, आणि अगदी साळसूदपणे बोलला.

"सिस्टर, रानात काम मलाच करावं लागतंय. ताकद मलाच लागती ना!"

बाहेर लसीकरणाला आलेल्या आठ-दहा बाया ऐकत होत्या. मी आवाज मुद्दाम वाढवला.

"बरोबर आहे बाबा. मग नववा महिना भरला की कळाही तूच दे!"

बायांमध्ये अशी हसण्याची लाट आली की दत्ता काट्यावरून उतरायचंच विसरला. पुढच्या महिन्यात सुनीताचं वजन दीड किलोनं वाढलं. दत्ता मात्र अजून मला बघून रस्ता बदलतो. बदलू दे!

*

मग तक्रार झाली. होणारच होती. तालुक्याला निनावी अर्ज गेला, 'उपकेंद्रात मांसाहार शिजवला जातो, गावाच्या भावना दुखावतात, सिस्टरची बदली करावी.'

एक साहेब चौकशीला आले. सकाळी लवकर निघालेले, जीपनं धूळ खात आलेले, चेहरा आंबट. आल्या आल्या मला विचारलं, "कोणत्या नियमाखाली इथं अंडी उकडता?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच पंख्याकडं बघायला लागले. माझं डोकं मात्र तोवर फिरलेलं होतं.

"साहेब, रक्त सात असलेल्या बाईला उपाशी ठेवावं असं कोणत्या नियमात लिहिलंय, तेवढं दाखवा. मी आत्ता पातेलं फेकते. बदलीचा कागदही आजच द्या. पण तो घ्यायच्या आधी मी तिला अंडं खायला घालणार, आणि उद्या नवी सिस्टर आली तर तिलाही सांगून जाणार!"

साहेबांनी रजिस्टरं मागवली, एकेक पान उलटायला लागले. साडेदहा झाले. आतून मावशींच्या पातेल्याचा आवाज यायला लागला. साहेबांनी एकदा आत बघितलं. परत पान उलटलं. परत आत बघितलं.

रेहानानं विचारलं, "साहेब, नाश्ता झालाय का?"

"नाही हो. सकाळी सहाला निघालोय."

मावशींनी ताटली आणून ठेवली. अर्धी केलेली अंडी, वर मीठ, मिरेपूड, बाजूला कांदा. साहेब नको नको म्हणत पहिलं खाऊन बसले. मग नको न म्हणता दुसरं. मग तिसरं. हात धुतले, शेरेबुक मागवलं, पेन काढलं आणि वळणदार अक्षरात शेरा लिहिला. तो अजून आमच्याकडं आहे, कुणीही येऊन बघावा.

'पाहणी केली. आक्षेपार्ह काहीही शिल्लक आढळले नाही.'

*

चौकशीतून मी सुटले, पण व्हायचं ते झालंच. साहेब कशासाठी आले, अंडी कुणासाठी उकडतात, हे संध्याकाळपर्यंत गावात पसरलं. रात्री ते आप्पांच्या दुकानाच्या फळीवर पोचलं.

महादेवीला आठवा महिना चालू होता. सातावरून रक्त दहापर्यंत आलं होतं. पण अजून दीड महिना जायचा होता, आणि तोच खरा महिना. आता तिचं खाणं तुटलं असतं तर केलेलं सगळं पाण्यात!

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. ओटा लेकरांनी आणि बायांनी भरलेला. अकरा वाजता महादेवी आत येऊन बसली, आणि पाठोपाठ आप्पांची मोपेड आली. कपाळाला भस्म, पांढरंशुभ्र धोतर. ओट्यावर चढले, पण दाराच्या आत आले नाहीत. सून तिथंच दाराशी बाकावर बसलेली. तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"सिस्टर, तुमचा मान हाय गावात. तुमाला म्या वाकडं बोलणार न्हाय. पर उद्यापासून सून हितं येणार न्हाय. गोळ्या घरी धाडा."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त जड वाटला. रेहानानं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. मी बावीस वर्षांत कुणापुढं गप्प बसले नाही, त्या दिवशी बसले. घर त्यांचं होतं. आणि जे बोलायचं होतं ते मी बोलून उपयोगाचं नव्हतं.

आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. सासराही सुनेशी बोलत नाही. एका घरात चार वर्षं राहून त्या दोघांनी एकमेकांना जे काही सांगितलं असेल, ते तिसऱ्याच्या तोंडून.

महादेवी उठली. पदर डोक्यावरून ओढून नाकापर्यंत आणला. मावशींच्या हातातून ताटली घेतली, दाराबाहेर आली आणि ओट्यावर, आप्पांपासून दोन हातांवर, मांडी घालून बसली. अंडं फरशीवर टकटक आपटलं. सोललं. टरफल एका बाजूला नीट गोळा केलं. मीठ लावलं आणि पदराच्या आत नेऊन खाल्लं. लपून नाही आणि घाईनंही नाही.

मग पदराच्या आतून आवाज आला. लहान, पण स्वच्छ.

"सिस्टर, मामांना सांगा, डाक्टरनी दोन सांगितलेत. येक झालं."

मी काय सांगणार? मामा दोन हातांवर उभे होते!

"आणिक सांगा, सात हुतं, आता दहा हाय. मला मरायचं न्हाय."

आप्पांनी त्या पदराकडं बघितलं. तिच्या पोटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि पाठ फिरवली.

चंद्रम्मा मावशी आतून पुटपुटल्या, "शिवा, शिवा." मला वाटलं, गेले. आता घरी जाऊन काय होणार देवालाच माहीत.

पण आप्पा पायरी उतरले नाहीत. रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हात पाठीमागं बांधून तसेच उभे राहिले. गावातून फाट्याकडं निघालेली एक जीप आली, ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "आप्पा, येताव का?" त्यांनी हातानंच नको म्हटलं. जीप गेली. महादेवी दुसरं अंडं हातात धरून तशीच बसलेली, ते फोडायचं का नाही हे तिला कळेना. माझ्याकडं बघायला लागली. मलाही कळेना.

तेव्हा आप्पा रस्त्याकडंच बघत म्हणाले,

"सिस्टर, तिला म्हणावं, सावकाश खा. म्या बघत न्हाय."